बिननारळाचा लेथ

सावरोली-खारपाडा रस्त्याला, भराव घातलेल्या भातखाचरांवर उभ्या असलेल्या त्या शेडमध्ये कोणतं मशीन कोणाचं हे दसऱ्याला ठरायचं. शेठ पनवेलला राहत आणि अधूनमधून चक्कर टाकत. कारभार सगळा चांगोमेस्त्रींच्या हातात होता आणि हा नियमही त्यांचाच होता. खंडेनवमीला मशीन बंद करून घासायचं-पुसायचं, दसऱ्याच्या सकाळी हार घालायचा, आणि मशीनपुढे जो नारळ फोडेल त्याचं ते मशीन पुढच्या दसऱ्यापर्यंत. त्यानं सांगितल्याशिवाय दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. बिघडलं तर त्यानं निस्तरायचं, चांगलं चाललं तर नाव त्याचं. चार हातांत फिरलेलं मशीन कोणाचंच ऐकत नाही, असं मेस्त्रींचं म्हणणं होतं, आणि शेडमध्ये त्यांच्या म्हणण्यावर कोणी वाद घालत नसे.

गणपतीच्या सुमाराला मोरू नोकरी सोडून मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत लागला आणि त्याचा छोटा लेथ, लोखंड फिरवून कातायचं मशीन, रिकामा झाला. मेस्त्रींनी त्यावर ताडपत्री टाकली. शेडमध्ये तेव्हा दोन अप्रेंटिस होते, पोशीरची पौर्णिमा आणि कळंबचा हर्षद. दोघं एकाच आयटीआयमधून मशिनिस्टचा ट्रेड करून आले होते. दोघांचं अजून वर्ष बाकी होतं आणि ताडपत्रीखालच्या लेथवर दोघांचाही डोळा होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. वर्षभर लेथवर हात बसला, तर पुढे कुठल्याही कारखान्याच्या दारात उभं राहून ‘काम देऊन बघा’ असं म्हणता येतं. नाहीतर हातात सर्टिफिकेट असतं आणि हातांना काहीच येत नसतं.

पौर्णिमाला मात्र मेस्त्रींच्या हाताखाली काहीच येत नाही अशी वेळ कधी आलीच नव्हती. पहिले काही महिने तिनं फक्त झाडू मारला होता. पण तो झाडूसुद्धा साधा नव्हता. मेस्त्री तिला प्रत्येक मशीनखालचा बुरादा सुपात भरून आणायला लावत आणि विचारत, “सांग, इथं काय झालं?” सुरुवातीला तिला तो नुसता कचरा दिसे. मग हळूहळू दिसायला लागलं. ही निळी पडलेली वेटोळी म्हणजे वेग जास्त झाला. हा काळा चुरा बिडाचा. ही लांबच लांब, सुरीसारखी धारदार तार म्हणजे टूलला धार नीट लावलेली नाही, आणि ती हातानं ओढणारा माणूस एक दिवस बोट कापून घेणार. “मशीन खोटं बोलंल, माणूस तर बोलतोच,” मेस्त्री म्हणत, “बुरादा नाय बोलत.” पुढे मेस्त्रींनी तिला आपल्या मोठ्या लेथशेजारी उभं केलं, हँडल हातात दिलं आणि तिच्या हातावर हात न ठेवता, नुसतं मागे उभं राहून शिकवलं. आणखी एक गोष्ट ती विसरली नव्हती. ती शेडमधली पहिली मुलगी. ती आली त्या आठवड्यात मेस्त्रींनी मागच्या मोरीला पत्र्याचं दार, आतून कडी आणि वर छप्पर करून घेतलं होतं. त्याबद्दल ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

पितृपक्ष संपला तशी मेस्त्रींनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. “मोरूचा लेथ पौर्णिमा घेईल. हर्षद, तुझा हात अजून घाई करतो. तू पुढल्या साली.”

हर्षदनं चहाचा घोट गिळला. “मेस्त्री, पुढल्या साली मी इथं असेन का?”

“मग घाई कमी कर.”

मिलिंग मशीनवाला नागू हसला. हर्षदही हसला, पण उशिरा. पौर्णिमानं सगळ्यांचे कप उचलले आणि विसळायला नेले, जे करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

*

घरी पोचेपर्यंत ती हवेत होती. नेरळहून पोशीरला येणाऱ्या टमटममध्येच तिनं आईला फोन करून सांगितलं होतं. आई, सुनिता, कळंबच्या एका रिसॉर्टवर खोल्या आवरायचं काम करायची. ती दारातच उभी होती.

“म्हंजे आता झाडू नाय मारायचा?”

“आपापल्या मशीनखालचा मारायचाच असतो गं.”

“मग काय उपेग? झाडू तर मी पण मारते.” सुनितानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. “लेथवाली झाली म्हणायची माझी पोरगी.”

वडील रत्नदीप नेरळच्या एका शाळेची व्हॅन चालवायचे. ते जेवायला बसल्यावर पौर्णिमानं सगळी हकिगत पुन्हा सांगितली. मेस्त्री काय म्हणाले, नागू कसा हसला, दसऱ्याला नारळ फोडला की लेथ तिचा. रत्नदीपचा घास हातातच राहिला.

“नारळ तू फोडायचा?”

“हो. म्हणजे, ज्याचं मशीन...” पौर्णिमा बोलता बोलता थांबली. एवढा वेळ तिच्या डोक्यात लेथ होता. नारळ आता आला.

दसरा म्हणजे तिच्या घरी धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी विहारात ध्वज, वंदना, मग खीर. शाळेत असताना अशाच एका दसऱ्याला तिनं आईच्या शेजारी उभं राहून बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या होत्या. त्या पाठ म्हणून दाखवायच्या नव्हत्या, पाळायच्या होत्या, हे तिला तेव्हाही कळत होतं.

“तुमच्या व्हॅनला हार घालतात ना दसऱ्याला?” तिनं वडिलांना विचारलं.

“घालतात. मालक घालतो, मालक नारळ फोडतो. मी बाजूला उभा राहतो. गाडी माझी नाय, म्हणून माझी सुटका होते.” रत्नदीपनं घास खाल्ला. “तुझी गोष्ट वेगळी हाय. तुला ती गाडी आपली म्हणायचीय.”

“मग काय करू?”

“मी नाय सांगणार. प्रतिज्ञा तू म्हटलीस, लेथ पण तू मिळवलास.”

सुनिता तव्यावरची भाकरी उलटत होती. ती न वळता म्हणाली, “नारळ तर मी रोज फोडते. कालवणाला. पण ते वेगळं.” आणि थोड्या वेळानं, “वेगळंच हाय ना ते?”

पौर्णिमानं मान हलवली. वेगळंच होतं. पूजेचा नारळ ती फोडणार नाही, हे तिचं जेवण व्हायच्या आतच ठरलं. मेस्त्रींना हे कसं सांगायचं, ते मात्र ठरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी कळंबहून येणाऱ्या टमटममध्ये हर्षदनं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. तो नेहमीच ठेवायचा. लेथ गेल्यावरही ठेवली होती, याचं तिला बरं वाटलं. तिनं त्याला सगळं सांगितलं.

“एवढंच?” हर्षद म्हणाला. “तू विहारात जा. नारळ मी फोडतो तुझ्या नावानं.”

“तू फोडलास तर लेथ तुझा होईल, येड्या.”

हर्षदनं डोकं खाजवलं. “हां. ते पण हाय.” मग तो एकदम खिदळला. “बघ, मी काय मागत नाय, पण नशीब कसं चालून येतं.”

“खा तू मार.”

“सांगणार कधी त्यांना?”

“आज.”

पण त्या दिवशी तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मेस्त्री सकाळी आले की ताडपत्रीकडे बोट दाखवत म्हणायचे, “तुझ्या लेथला टूलपोस्टची चावी नवीन करावी लागेल हां,” आणि तिचं तोंड बंद व्हायचं. ‘तुझ्या लेथला’ हे शब्द ऐकायला तिला आवडत होतं. खरी अडचण तीच होती.

*

खंडेनवमीला शेडमध्ये विजेचे ब्रेकर खाली पाडले आणि सगळीकडे सामसूम झाली. प्रत्येक जण आपापल्या मशीनला भिडला. घासलेटचे डबे, चिंध्या, ब्रश. मेस्त्रींनी लहान लेथवरची ताडपत्री ओढून काढली आणि पौर्णिमाला हाक मारली.

“मोरूनं ह्याचं एक दुखणं लपवून ठेवलंय. काय ते सांग.”

तिला माहीत होतं. मोरूच्या लेथवर लांब जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, एका टोकाला जाड यायचा आणि मोरू तो पॉलिशपेपर मारून सरळ करायचा. त्याच्या बुराद्यातच पॉलिशपेपरची धूळ असायची. ती उकिडवी बसून सुपात तीच धूळ बघत आली होती.

“टेपर जातो.”

“का जातो?”

ते तिला माहीत नव्हतं.

“बाज बघितलीस ना? एक पाय आखूड झाला की अख्खी बाज पिळते. ही सगळी शेतं होती. भराव टाकून शेड उभी केली. पावसाळ्यात माती बसते, मशीनचा एक पाय खाली जातो आणि बेडला पीळ पडतो. डोळ्याला नाय दिसत. जॉबला दिसतो.” मेस्त्रींनी फडक्यात गुंडाळलेली बुडबुड्याची लेव्हल काढली आणि तान्ह्या पोराला ठेवावं तशी बेडवर ठेवली. “उद्या मशीन हातात घ्यायचं तर आज सरळ करून घे.”

ते दोघं सकाळभर त्या कामात होते. आधी चकच्या फिरत्या जबड्यात एक सळई पकडायची, तिच्या दोन टोकांना एकाच मापावर दोन पट्टे कापायचे, मग मायक्रोमीटरनं दोन्ही मोजायचे. मशीन सरळ असेल तर दोन्ही पट्टे सारखे. तेवढ्यापुरता या लेथचा एकच ब्रेकर वर केला होता. पौर्णिमानं कट घेतला, मोजलं, पुन्हा मोजलं.

“लांबचा पट्टा जाड हाय.”

“किती?” मेस्त्रींनी विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यांनी स्वतः मोजलं आणि मान हलवली. ते नेहमी असंच करत. आधी तिला सांगू देत, मग स्वतः मोजत. आधी मोजून तिला कधी फसवत नसत.

“कुठला पाय बसलाय?”

तिनं बेडच्या टोकाला जाऊन विचार केला. टूल पुढच्या बाजूनं चालतं. लांब जाताना ते जॉबपासून दूर सरकतं, म्हणून जॉब जाड राहतो. म्हणजे त्या टोकाला मशीन पुढे कलंडलं असणार. “चकच्या समोरच्या टोकाचा, टेलस्टॉककडचा पुढचा.”

मेस्त्री हसले. त्यांचं हसू मिशीच्या एका बाजूनंच यायचं. “चल, उचल त्याला.”

पाय सैल करायचा, खाली पितळेची पातळ पत्री सरकवायची, पुन्हा कसायचा, लेव्हल बघायची, पुन्हा पट्टे कापायचे. पहिल्या पत्रीनं फरक निम्मा झाला. दुसरी पत्री कापायला ती बाकाकडे निघाली, तेव्हा नागू दारात झेंडूची गोणी उतरवत होता. मेस्त्री हात पुसत म्हणाले, “उद्या लवकर ये. चांगले कपडे घाल, पण पांढरं नको. कुंकू सांडतं.”

उद्या तिला पांढरेच कपडे घालायचे होते. ते इस्त्री करून घरी दोरीवर टांगलेले होते.

“मेस्त्री, मी उद्या येणार नाय.”

“का? बरं नाय?”

“तसं नाय. उद्या आमचा धम्मचक्राचा दिवस. आणि विहारातून येऊन पण... मी नारळ नाय फोडू शकत. आमच्यात पूजा करत नाहीत. मी तशी प्रतिज्ञा घेतलीय.”

शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. नागूची गोणी अर्ध्यावर राहिली.

मेस्त्रींनी हातातली चिंधी घडी करून ठेवली. “हे तुला आज कळलं?”

“नाय. तुमी सांगितलंत त्याच रात्री ठरवलं.”

“मग आज का सांगतेस?”

“घाबरत होते.”

“कोणाला? मला?”

“लेथ जाईल म्हणून.”

“आणि आता नाय जाणार?” मेस्त्रींचा आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. “अगं, मला आधी सांगितलं असतंस तर काय मी खाल्लं असतं तुला? देवाधर्माचं ज्याचं त्यानं बघावं. पण मी नारळ कशाला फोडायला लावतो? माणूस चार लोकांत उभा राहून म्हणतो, हे माझं, ह्याचं बरं-वाईट माझ्यावर. ते झाल्याशिवाय मी कोणाला मशीन दिलं नाय. तुला कसं देऊ? हा नागूच उद्या भांडेल माझ्याशी.”

“मी भांडेनच,” नागू म्हणाला. “पूजा न झालेलं मशीन वाईट असतं.”

“तू गप. हर्षद! उद्या लहान लेथचा नारळ तू फोड.”

हर्षद ड्रिल पुसत होता. त्यानं वर पाहिलं, पौर्णिमाकडे पाहिलं, आणि पुन्हा ड्रिल पुसायला लागला.

पौर्णिमा बाकापाशी उभी राहिली. पितळेची पत्री तिच्या हातात होती, कात्री समोर होती. रडू येत होतं, पण तिला कोणाचा राग येईना. मेस्त्रींचं चुकलं नव्हतं आणि तिचंही, उशीर सोडला तर, चुकलं नव्हतं. तिला वाटलं, निघून जावं. मग तिनं लेथकडे पाहिलं. त्याचा एक पाय अजून निम्माच उचललेला होता. हा असाच राहिला तर उद्यापासून हर्षदचा प्रत्येक लांब जॉब थोडा थोडा जाड येईल आणि तोही मोरूसारखा पॉलिशपेपर लपवायला शिकेल. मशीनचा पाय कुठला बसलाय हे ओळखायला तिला आज सकाळी ज्या माणसानं शिकवलं, तो चार हातांवर उभा होता. त्याच्यासमोर काम अर्धं टाकून जायचं, हे काही तिला जमण्यासारखं नव्हतं.

तिनं पत्री कापली. पाय सैल केला, पत्री खाली सरकवली, पाय पुन्हा कसला. लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. पट्टे कापले, मोजले.

“मेस्त्री, सारखे हायत.”

मेस्त्री आले. त्यांनी एक पट्टा मोजला, दुसरा मोजला, पुन्हा पहिला मोजला. “हं,” म्हणाले आणि मायक्रोमीटर पेटीत ठेवून दिला. तिनं लेथ पुसला, बेडला तेलाचा हात दिला आणि हात धुऊन निघाली. फाटकापाशी वळून तिनं सगळ्यांना म्हटलं, “उद्याच्या शुभेच्छा.” फक्त हर्षदनं हात वर केला.

*

विहारात दुसऱ्या दिवशी वंदना झाली, लहान मुलांची भाषणं झाली आणि खिरीची पंगत बसली. पौर्णिमा वाढत होती. हात साबणानं कितीदा धुतला तरी बोटांना घासलेटचा वास येत होता. या वेळी तिकडे नारळ फुटला असेल, असं दर थोड्या वेळानं तिच्या मनात येई.

पातेल्यापाशी सुनितानं हळूच विचारलं, “गेला का गं लेथ?”

“गेला.”

“वाईट वाटतं?”

“खूप.”

“वाटू दे. वाटायलाच पायजे.” सुनितानं तिच्या हातातला डाव घेतला. “हे संपलं. दुसरं पातेलं आण, ती बाजूची पोरं बसलीत.”

पौर्णिमा पातेलं आणायला गेली. येताना तिच्या लक्षात आलं की पातेलं जड असूनही आपण ते एकटीनं सहज उचललं. जड चक उचलून उचलून आलेली ताकद होती ती. लेथ गेला होता, पण हे काही गेलं नव्हतं.

*

दसऱ्यानंतरच्या सकाळी टमटममध्ये हर्षद नव्हता. तो आधीच्या गाडीनं गेला होता. तिला ते लागलं. नव्या मशीनवर लवकर जायची घाई तिनंही केली असती, असं तिनं स्वतःला समजावलं.

शेडमध्ये प्रत्येक मशीनवर हार होता, कुंकू होतं, खाली करवंटीचे तुकडे आणि वाळलेलं पाणी होतं. लहान लेथ मात्र तिनं पुसून ठेवला होता तसाच होता. हार नाही, कुंकू नाही. फक्त ताडपत्री पुन्हा टाकलेली, ती पण अर्धीच.

तिनं नागूकडे पाहिलं. नागूला सांगायची घाईच झाली होती.

“अगं, काल तमाशा झाला. मेस्त्रींनी ह्या हर्षदच्या हातात नारळ दिला. हा नारळ घेऊन उभा. आमी म्हणतोय फोड, फोड. हा म्हणतो, ‘मेस्त्री, मला नको.’” नागूनं हर्षदची नक्कल करत छातीशी हात धरले. “मेस्त्री म्हणाले, ‘काय नको?’ तर म्हणतो, ‘लेथ नको.’ शेवटी मेस्त्रींनी नारळ काढून घेतला आणि पिशवीत टाकला.”

“मग?”

“मग काय, घरी नेला. वाटण केलं असंल.”

“मटणाला,” मेस्त्री मागून म्हणाले. ते कधी आले कोणाला कळलं नव्हतं. “चांगला निघाला नारळ.”

पौर्णिमा हर्षदपाशी गेली. तो पॉवर हॅकसॉवर गोल सळ्यांचे तुकडे पाडत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता.

“काय केलंस तू हे?”

“मी ते पट्टे मोजले परवा, तू गेल्यावर,” तो म्हणाला. “दोन्ही सारखे. आता मी तो लेथ घेतला आणि चार दिवसांत टेपर यायला लागला, तर मेस्त्री जन्मभर मला काय म्हणतील? माझा हात घाई करतो ना. कोण ऐकून घेणार?”

“खरं सांग.”

हर्षदनं ब्लेडवर कूलंटची धार सोडली. “खरंच सांगतोय. तू पाय उचललास त्याचा. मला माहीत पण नव्हतं कुठला पाय बसलाय.” आणि मग, अगदी हळू, “तुला रोज बाजूला उभं बघायचं आणि आपण त्या लेथवर काम करायचं, नाय जमलं असतं गं.”

पौर्णिमाला ‘थँक्यू’ म्हणायचं होतं. तो शब्द फार छोटा वाटला म्हणून तिनं खाली पडलेले सळ्यांचे तुकडे उचलून त्याच्या बाजूला रचले.

मेस्त्रींनी लहान लेथपाशी उभं राहून सगळ्यांना हाक मारली.

“ऐका. ह्या लेथला यंदा नारळ फुटला नाय. बरोबर?”

“बरोबर,” नागू म्हणाला.

“म्हंजे ह्याला वर्षभर धनी नाय. आणि मी ह्याला ताडपत्रीखाली गंजू देणार नाय. बिनधन्याच्या मशीनवर अप्रेंटिस शिकतो.”

“हा नियम कुठाय मेस्त्री?”

“कालपर्यंत नव्हता.”

“पण पूजा न होता...”

“नागू, तुझ्या मिलिंगला दर साली नारळ फुटतो. मग मागल्या होळीला बोट कसं चेपलं तुझं?” सगळे हसले. नागूनं बोट मुठीत लपवलं आणि तोही हसला. “गार्ड लावायचा, चष्मा घालायचा, बाही वर करायची, वेणी टोपीत. बाकी मशीनला काय नको असतं. पौर्णिमा, काढ ती ताडपत्री. मोहोपाड्याच्या पंपाच्या स्लीव्ह आल्यात. त्या नळ्या ह्यावर लाव.”

तिनं ताडपत्री काढून घडी घातली. लेथ समोर होता, कोणाचाच नसलेला आणि तिला मिळालेला. तिनं चकवर हात ठेवला. मग हात काढून घेतला.

“मेस्त्री, हर्षद पण अप्रेंटिसच हाय.”

मेस्त्रींच्या कपाळावर आठी पडली. “म्हंजे?”

“धनी नाय तर लेथ जेवढा माझा तेवढा त्याचा. तुमीच आत्ता म्हणालात. सकाळी तो, दुपारी मी.”

“अगं ए,” हर्षद हॅकसॉकडून ओरडला, “मी नको म्हणालो ना!”

“तू नारळाला नको म्हणालास. शिकायला नाय.”

“चार हातांत मशीन बिघडतं,” मेस्त्री म्हणाले. “पंचवीस वेळा सांगितलंय मी.”

“बिघडलं तर दोघं मिळून निस्तरू. टेपर आला तर दोघांचे कान धरा. मी चार लोकांत उभी राहून सांगतेय, ह्याचं बरं-वाईट माझ्यावर.” तिनं हात पुन्हा चकवर ठेवला. “तुमाला हेच पायजे होतं ना मेस्त्री?”

मेस्त्रींनी हर्षदकडे पाहिलं. तो हातातली सळई खाली ठेवायची की धरून ठेवायची या विचारात उभा होता.

“तुझं काय?” मेस्त्रींनी त्याला विचारलं.

“माझ्यावर पण,” हर्षद म्हणाला.

“मोठ्यानं बोल. नारळ फोडताना लोक असं पुटपुटत नाय.”

“माझ्यावर पण!”

“मग इथं काय उभा राहिलास? सकाळ तुझी हाय ना? चल, हात धू. आणि घाई केलीस तर बघ.”

हर्षद धावतच नळाकडे गेला. “धावू नको म्हणतो ना!” मेस्त्री त्याच्या मागे ओरडले, आणि नागूसकट सगळी शेड हसली. पौर्णिमानं त्याचा चष्मा खुंटीवरून काढून लेथवर ठेवला, पहिली स्लीव्ह उचलून चकपाशी ठेवली, आणि हॅकसॉवर जाऊन त्याच्या राहिलेल्या सळ्या कापायला घेतल्या. ऐकावं तेव्हा लेथच्या बाजूनं कट चालल्याचा सारखा, न अडखळणारा आवाज येत होता. जेवणाच्या सुट्टीनंतर तिची पाळी होती.